फर्म वाढवायची आहे, पण ती शिल्लक आहे का?

प्रश्न : रबराची ऑइल सील आणि गॅस्केट बनवण्याचा आमचा कारखाना आहे. वडील आणि काका यांची ही निम्म्या-निम्म्या भागीदारीची नोंदणीकृत फर्म. उत्पादन आणि ग्राहक ही दोन्ही कामं बरीच वर्षं मीच बघते. सव्वादोन वर्षांपूर्वी वडील गेले. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे आई, मी आणि परदेशात असलेला धाकटा भाऊ. ‘भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होणार नाही, त्याचे वारस त्याच्या जागी येतील’ असं कलम भागीदारीच्या करारपत्रात आहे. तरीही काकांनी बँकेचे व्यवहार एकट्याच्या सहीवर घेतले आणि ते मला दरमहा पगार देतात. आता एक मोठी ऑर्डर आली आहे. रबराला साच्यात दाबून आकार देणारी नवीन प्रेस घेण्यासाठी कर्ज हवं आहे आणि बँक मला हमीदार व्हायला सांगते. काका म्हणतात, ‘सही कर, कारखाना तूच चालव, पण भागीदारी माझ्या मुलाच्या नावावर राहील. लग्न झालेल्या मुलीला फर्ममध्ये हक्क नसतो. दादाच्या भांडवल खात्यावर जे काही शिल्लक आहे ते घे आणि पुढे दावा करणार नाही असं लिहून दे.’ मला हा कारखाना ताब्यात घेऊन वाढवायचा आहे. काय करू?

उत्तर : ताई, तूर्त कुठेच सही करू नका. बँकेच्या हमीपत्रावर नाही आणि काकांच्या कागदावर तर नाहीच.

तुम्ही आणि काका दोघंही फर्म चालू आहे असं धरून बोलताय. माझ्या मते ती वडील गेले त्याच दिवशी संपली. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ४२ नुसार भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. करारात वेगळं ठरलं असेल तर ती चालू राहते हे खरं, पण त्यासाठी मागे किमान दोन भागीदार उरावे लागतात. तुमच्याकडे दोघांपैकी एकच उरला. एकट्याची भागीदारी होत नाही. सेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्येच सांगितलं आहे, की दोन भागीदारांच्या फर्ममध्ये ‘वारस जागा घेतील’ असं कलम असलं तरी एकाच्या मृत्यूने फर्म संपते. नंतर वारस आणि राहिलेला भागीदार यांनी नव्याने करार केला, किंवा तसा करार झाल्याचं त्यांच्या वागण्यावरून दिसलं, तर ती नवी फर्म. तुम्हाला पगार मिळतोय, नफ्यातला वाटा नाही, बँकेत सही नाही. या वागण्यावरून नवी भागीदारी झाली असं म्हणणं अवघड जाईल.

यात तुमचं नुकसानच आहे असं समजू नका, पण घाई मात्र आहे. विसर्जित फर्मचा हिशेब आणि नफ्याचा वाटा मागण्याचा दावा मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ५ प्रमाणे विसर्जनापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. सव्वादोन वर्षं गेली, म्हणजे हातात नऊ महिने आहेत. ‘घरातलं आहे, बसून मिटवू’ म्हणत हे नऊ महिने सहज जातात, आणि अशा प्रकरणात समोरच्याला बहुतेक वेळा तेच हवं असतं. वकिलाची साधी नोटीस गेली म्हणजे मुदत थांबली, हाही एक लोकप्रिय गैरसमज. करारपत्रात लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाबाहेर त्रयस्थाकडून सोडवण्याचं, कलम आहे का ते आज संध्याकाळीच बघा. असेल तर वाद लवादाकडे नेण्याची मागणी करणारी नोटीस काकांना ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी लवादाची कार्यवाही सुरू झाली असं कायदा मानतो आणि मुदत त्या दिवसापर्यंतच मोजतो. भागीदाराच्या मृत्यूने लवादाचा करार संपत नाही, तो वारसांना आणि वारसांविरुद्ध लागू राहतो. तसं कलम नसेल तर दावा लावावा लागेल. भागीदारीचे वाद वाणिज्य न्यायालयाच्या कक्षेत येतात, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर तिथे आधी मध्यस्थीची पायरी आहे. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वजा होतो, तरी शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका.

आता लग्न झालेल्या मुलीचा मुद्दा. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीवर घरात वाद घालत बसू नका, ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतल्या मुलींच्या हक्काची आहे. वडिलांचा फर्ममधला वाटा त्यांचा स्वतःचा असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मुलगी १९५६ पासूनच वर्ग १ ची, म्हणजे सगळ्यात आधी हक्क असणारी, वारस आहे. लग्न झालेलं असो वा नसो. वडिलांची आई हयात नाही असं धरलं, तर तुमच्या आई, तुम्ही आणि भाऊ यांना वडिलांच्या वाट्यातला एकेक तृतीयांश येतो. फक्त एक गोष्ट तपासा. वडील फर्ममध्ये स्वतः भागीदार होते, की एकत्र कुटुंबाचे कर्ते म्हणून? करारपत्र आणि त्यांची विवरणपत्रं काढा. विवरणपत्रावरच्या पॅनचं चौथं अक्षर ‘पी’ असेल तर ती व्यक्ती, ‘एच’ असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब. फर्मच्या नफ्याचा वाटा कुठल्या पॅनवर दाखवला होता, त्यावरून बरंच कळतं.

काकांचा भांडवल खात्याचा हिशेब मला सगळ्यात खटकला. भांडवल खात्यावरची शिल्लक हा वहीतला आकडा आहे. मोल्डिंग प्रेसवर वर्षानुवर्षं घसारा धरला की वहीत तिची किंमत जवळपास उरतच नाही, पण ती प्रेस आज रोज माल काढते आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळतं. विसर्जनाच्या हिशेबात, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, मालमत्ता खऱ्या किमतीने धरली जाते. भागीदारी कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे फर्मचा नावलौकिकही त्यात येतो. आधी बाहेरची देणी, मग भागीदारांनी भांडवलाखेरीज दिलेल्या रकमा, मग भांडवल, आणि उरेल ते नफ्याच्या प्रमाणात, असा कलम ४८ चा क्रम आहे. गुरू नानक इंडस्ट्रीजच्या प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालातही दोघांच्याच फर्ममधून एक जण बाहेर पडला होता. भांडवल खात्यावरचा आकडा देऊन विषय संपवण्याचा प्रयत्न न्यायालयाने मान्य केला नाही, पूर्ण हिशेब द्यावा लागेल असंच ठरवलं. शिवाय या सव्वादोन वर्षांत वडिलांचा वाटा वापरून धंदा चालू आहे. त्याबद्दल भागीदारी कायद्याचं कलम ३७ वारसांना पर्याय देतं : त्या वाट्याच्या वापरातून झालेला नफा घ्या, नाहीतर वाट्यावर सालाना ६ टक्के व्याज घ्या. निवड वारसांची आहे, काकांची नाही.

पुराव्याची काळजी करू नका, तो बँकेत पडलेला आहे. कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरच्या खेळत्या कर्जाच्या खात्यासाठी दर महिन्याला जे स्टॉक स्टेटमेंट जातं, त्यातलं वडील गेले त्या महिन्याचं काढा. किती कच्चं रबर, किती तयार माल, कोणाकडून किती येणं, सगळं त्यात आहे. त्यावर काकांची सही असेल तर आणखी बरं, कारण बँकेला दाखवलेला माल आता नाकारणं त्यांना अवघड जाईल. त्याच्याबरोबर त्या वर्षाचा ताळेबंद आणि यंत्रांची यादी ठेवा. मोल्डची, म्हणजे साच्यांची, यादी मात्र दोन भागांत करा. ग्राहकाने पैसे देऊन बनवून घेतलेले मोल्ड बहुतेक वेळा ग्राहकाच्या मालकीचे असतात, ते तुमच्याही हिशेबात येत नाहीत आणि काकांच्याही. कारखान्याची जागा फर्मच्या पैशातून घेतली असेल तर खरेदीखतावर दोघा भावांची नावं असली तरी, उलट हेतू दिसत नसेल तर, ती फर्मची धरतात.

हमीपत्राबद्दल थोडक्यात. आज तुम्ही वारस आहात. फर्मच्या जुन्या कर्जासाठी बँक तुमच्याकडे येऊ शकते, ती वडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. हमीदार म्हणून सही केलीत की तुमचं स्वतःचं सगळं पणाला लागतं, आणि जिथे तुमची मालकी कागदावर कुठेच नाही अशा धंद्यासाठी. जीएसटीचंही बघून घ्या. फर्म संपली असताना तिच्या जुन्याच क्रमांकावर बिलं निघत असतील तर तो गुंता मोठी ऑर्डर सुरू होण्याआधी सीएकडून सोडवून घ्यायला हवा.

मग कारखाना ताब्यात घ्यायचा कसा? न्यायालय तुम्हाला कारखाना उचलून देणार नाही, निम्मा वाटा काकांचाच आहे. भांडण शेवटपर्यंत गेलं तर न्यायालयाने नेमलेला रिसीव्हर मालमत्ता ताब्यात घ्यायला येईल, यंत्रं विक्रीला निघतील, आणि मधल्या काळात ग्राहक व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून तुमचा त्याच्याकडचा क्रमांक) बंद करून दुसरीकडे जाईल. हे काकांनाही कळतं. भागीदारी कायद्याच्या कलम ५३ खाली, हिशेब पूर्ण होईपर्यंत फर्मचं नाव आणि मालमत्ता स्वतःच्या फायद्यासाठी वापरायला एक बाजू दुसरीला मनाई आणू शकते. ते हत्यार दोघांकडेही आहे, म्हणून ते दाखवून तडजोडीला बसवा. मी तुमच्या जागी काकांचा निम्मा वाटा स्वतंत्र मूल्यांकनावर, हप्त्यांनी विकत घेण्याचा प्रस्ताव ठेवीन आणि नवं कर्ज त्या करारानंतरच, नव्या खासगी कंपनीच्या नावावर घेईन. कंपनी कोणाच्या मृत्यूने संपत नाही. चुलतभावाला घ्यावंच लागलं तर निम्मे-निम्मे शेअर मात्र करू नका. दोघांचं पटलं नाही तर ठराव अडतो, आणि मग पगाराच्या चेकवरही भांडण होतं.

काकांनी नकारच दिला तर तुम्ही स्वतःचा वेगळा कारखाना काढू शकता. तुम्ही भागीदार नव्हता, त्यामुळे स्पर्धा न करण्याचं भागीदारीतलं बंधन तुमच्यावर नाही. फर्मचं नाव, ड्रॉइंग आणि मोल्ड मात्र तिथेच सोडावे लागतील.

भाऊ फोनवर ‘माझा हिस्सा तुला’ म्हणतो, असंही तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय. चांगलं आहे, पण फोनवरच्या शब्दावर किंवा नोटरी केलेल्या संमतिपत्रावर थांबू नका. जागा हिशेबात असल्याने नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. त्याला येता येत नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र करून पाठवायला सांगा आणि ते इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या. उद्या त्याचं मन बदललं आणि तो काकांना हिस्सा विकायला निघाला, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो आधी विकत घेण्याचा हक्क तुम्हाला आणि आईला आहे. किंमत जमली नाही तर ती न्यायालय ठरवतं.