हॉलच्या एका भिंतीवर बार्शी लाइट रेल्वे कशी बसवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बार्शी लाइट रेल्वेचं, म्हणजे सोलापूर-लातूर भागातल्या जुन्या अरुंद रुळांच्या (नॅरोगेज) लाईनचं, मॉडेल करायचंय, कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर सगळं दाखवायचंय, जागा हॉलमधली एक आठ फुटी भिंत, तर स्केल कुठला घेऊ आणि सुरुवात कशानं करू. मी गेली नऊ-दहा वर्षं हाच उद्योग करतोय आणि दोन लेआउट मोडून तिसऱ्यावर आलोय, त्यामुळं थोडं लांबण लागेल.

आधी कॅलक्युलेटर काढा. कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला तुकडा २२ मैल, म्हणजे साधारण ३५ किलोमीटर. मॉडेलवाल्यांचं एचओ स्केल म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. भागाकार केलात की ४०० मीटर येतात. आणि मिरज ते लातूर अख्खी लाईन धरली, ३२५ किलोमीटर, तर पावणेचार किलोमीटर. तुमच्याकडे आहेत अडीच मीटर. त्यामुळं 'सगळं दाखवायचंय' हे आजच डोक्यातनं काढून टाका, मी काढलं नव्हतं म्हणून पहिल्या लेआउटवर एका प्लायवूडवर चार स्टेशनं, एक पूल आणि कोपऱ्यात थर्माकोलचा डोंगर असा सगळा खिचडा झाला होता, गाडी बार्शीतनं निघून दीड फुटावर पंढरपुरात पोचायची. भाचा म्हणाला मामा हे तर गणपतीचं डेकोरेशन झालं. बरोबर बोलला कार्टा.

एक जागा निवडा आणि त्या जागेची एक सकाळ. माझं मत विचाराल तर कुर्डुवाडीची ट्रान्सशिपमेंटची बाजू घ्या, म्हणजे जिथे नॅरोगेजचा माल ब्रॉडगेजच्या डब्यात चढायचा ती. कारण ही लाईन झालीच मुळात त्यासाठी. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, पण जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेची मुंबई-सोलापूर लाईन तिला टाळून २२ मैलांवरनं गेली. स्टेशनला नाव मात्र दिलं बार्शी रोड, तेच आजचं कुर्डुवाडी. म्हणजे स्टेशनच्या नावात बार्शी आणि बार्शीला जायला बैलगाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंजिनिअर जीआयपीत नोकरीला होता, त्यानं हे हेरलं, पुढं १८९५ ला लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ ला अडीच फुटी गेजवर, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर ठेवून, गाडी सुरू केली. पंढरपूर १९०६, लातूर १९११, मिरज १९२७, आणि १९५४ ला सरकारनं कंपनी विकत घेतली, हे झालं इतिहासाचं, मॉडेलला याच्यातलं एवढंच कामाचं की तुम्ही कुठलं साल दाखवताय ते ठरवा आणि मग त्यालाच चिकटून राहा. १९१० दाखवत असाल तर मिरजेची पाटी नको आणि सिमेंटचा विजेचा खांबही नको.

आता कॅलथ्रॉपची एक गोष्ट सांगायलाच हवी कारण त्यानं मॉडेलवाल्यांवर नकळत उपकार करून ठेवलेत. त्याचं म्हणणं असं की छोटी रेल्वे स्वस्तात चालवायची तर कुठल्याच एक्सलवर, म्हणजे चाकांच्या जोडीच्या दांड्यावर, ५ टनांच्या वर वजन येता कामा नये, मग इंजिन असो नाहीतर मालडबा. एकदा हे पाळलं की रूळ हलके चालतात, यार्डाला, म्हणजे तीन फूट लांबीला, ३० पौंड वजनाचे त्यानं वापरले. आणि मालडबे सगळे एकाच सांगाड्यावर, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद, प्रेस्ड स्टीलची अंडरफ्रेम, खाली दोन बोगी. वर उघडा डबा ठेवा, बंद ठेवा, खालचं सगळं तेच. तुमच्यासाठी याचा अर्थ एकदाच एक फ्रेम नीट बनवायची, १:८७ ला ती ८८ मिलिमीटर लांब आणि साडेचोवीस मिलिमीटर रुंद येते, आणि मग रेझिनचा साचा करा नाहीतर थ्रीडी प्रिंटवाल्याकडनं डझनभर काढून घ्या. दुसरी कुठली जुनी लाईन निवडली असतीत तर प्रत्येक डब्याचं वेगळं ड्रॉइंग शोधत बसला असतात. मी पहिल्या वर्षी हे न वाचता प्रत्येक डबा डोळ्याच्या अंदाजानं कापला, एकाची लांबी दुसऱ्याला जुळेना, ते सगळे डबे आता बुटांच्या खोक्यात आहेत.

स्केलचं म्हणाल तर ७६२ मिलिमीटर गेजला ८७ नं भागलं की पावणेनऊच्या आसपास येतं, आणि एन गेजचा (हे एचओपेक्षा छोट्या मॉडेलचं माप) ९ मिलिमीटरचा ट्रॅक सगळीकडे मिळतो, फरक डोळ्याला कळत नाही. याला एचओई म्हणतात. दुसरा पर्याय १:४८, त्याला भागाकार १५.९ येतो आणि एचओचा साधा १६.५ चा ट्रॅक चालून जातो, त्याला ओएन३० म्हणतात. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर खरं तर मोठाच बरा, माणसाच्या हातातली कंदिलाची कडी पण दाखवता येते. पण मग मालडबा १६ सेंटिमीटरचा होतो आणि तुमच्या आठ फुटात इंजिन आणि पाच डबे उभे केले की अर्धं स्टेशन भरलं. तुमच्या भिंतीला १:८७ च घ्या. एक मेख मात्र आहे. कुर्डुवाडी दाखवायची तर शेजारी ब्रॉडगेज हवी, आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, १:८७ ला ती १९.३ येते, आणि बाजारात एचओचा ट्रॅक १६.५ चा कारण तो युरोपच्या स्टँडर्ड गेजसाठी आहे. म्हणजे नॅरोगेज बरोबर आणि ब्रॉडगेज बारीक. मी काय केलं, ब्रॉडगेजचा एकच रूळमार्ग अगदी पुढच्या कडेला घेतला, त्याच्यावर गाडी चालवायचीच नाही, दोन मालडबे कायमचे उभे, त्यामुळं रूळ सुटे आणून हातानं १९.३ वर ठोकले. चालणारी गाडी नसली की गेज तुमच्या मर्जीचं.

ट्रॅकबद्दल अजून एक. शक्य असेल तर पेको कंपनीचा नॅरोगेजसाठीचा ९ मिलिमीटरचा ट्रॅक घ्या, त्याचे स्लीपर लांब आणि जरा वाकडेतिकडे असतात. साध्या एन ट्रॅकचे स्लीपर बारीक आणि दाट, लगेच खेळणं दिसतं. आणि रुळाची उंची, बहुतेक एन ट्रॅक कोड ८० असतो म्हणजे इंचाच्या ८० सहस्रांश, २ मिलिमीटर उंच, हे ८७ नं गुणलं तर जवळपास १७५ मिलिमीटर होतात, म्हणजे आज राजधानी ज्या मीटरला ६० किलोच्या रुळावरनं धावते तेवढा रूळ झाला की! ३० पौंडाचा रूळ जेमतेम तीन इंच उंच. उपाय सोपा आहे, रूळ बाजूनं गंजाच्या रंगानं रंगवा आणि स्लीपरच्या वरपर्यंत माती भरा, लाइट रेल्वेच्या यार्डात नाहीतरी खडी कमी आणि माती जास्त.

आणि ही माती, इथे मी तोंडावर आपटलोय म्हणून नीट ऐका. मला वाटलं खरी माती सगळ्यात भारी, आजोळच्या शेतातली काळी माती आणली, तव्यावर भाजली म्हणजे किडे मरतात, मैद्याच्या चाळणीनं चाळली, फेविकॉलमध्ये पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून बसवली. दिसायला तर इतकी झकास की आई म्हणाली हे आपलं बांधावरचं बाभळीखालचं आहे ना रे. तीन आठवड्यांत इंजिन बंद पडलं. उघडून बघतो तर मोटरच्या चुंबकाला काळी भुकटी चिकटलेली, मिशा आल्यासारखी. आपली माती बेसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात, लोहचुंबक फिरवलात तर नदीच्या वाळूतनंसुद्धा निघतात. तर माती घ्या, जरूर घ्या, पण वापरायच्या आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून तो सात-आठ वेळा मातीतनं फिरवा, काही चिकटायचं बंद होईपर्यंत. चुंबक पिशवीतनं बाहेर काढला की कण आपोआप पडतात.

गवताची विकतची पाकिटं घेऊ नका, घेतलीत तरी वापरू नका. ती सगळी युरोपातली हिरवीगार, आणि आपण दाखवतोय पर्जन्यछायेतला सोलापूर जिल्हा. मी फेब्रुवारी-मार्च धरलाय, ज्वारीची काढणी. कडब्याच्या पेंढ्या केरसुणीच्या टोकांच्या करता येतात, सुतळी पिंजून वाळकं गवत होतं, चहाचा चोथा वाळवून शेणखताचे ढीग. बाभळीसाठी बारीक तारांची वायर सोलून पीळ द्यायचा आणि वर काथ्या, पण छत्रीसारखी चपटी ठेवा, गोल केलीत की आंबा होतो. आणि थर्माकोलवर स्प्रे पेंट मारू नका, वितळतो, माझं अर्धं टेकाड डोळ्यांदेखत खड्डा झालं.

इंजिनाचं खरं सांगतो. सुरुवातीची पाच इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, आठ जोडचाकं आणि मागे चार चाकांची बोगी, फ्रेम चाकांच्या बाहेरनं. देखणं आहे पण पहिलं इंजिन म्हणून हे करायला घेतलंत तर दोन वर्षं फक्त क्रँक जुळवत बसाल. आधी शेवटच्या काळातलं झेडडीएम, म्हणजे नॅरोगेजचं डिझेल इंजिन, करा, दोन बोगींचं खोकं, खाली एन गेजच्या डिझेलची चालती चेसिस घाला आणि वरची बॉडी प्लॅस्टिक शीटची. वाफेचं नंतर. म्हणजे सालाचं जे मी वर सांगितलं ते सुरुवातीला डिझेलच्या काळाला धरा, स्टेशन तेच राहतं, पाट्या आणि खांब बदलता येतात. डबे तेव्हा आधी विटकरी आणि मग निळे, ते आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहेत.

चाल हा भाग लोक सोडून देतात आणि मला त्याचाच जास्त राग येतो. ताशी २५ किलोमीटरनं जाणारी गाडी १:८७ ला सेकंदाला ८ सेंटिमीटर जाते. तुमच्या आठ फुटाला अर्धा मिनिट. घड्याळ लावून बघा, बहुतेक जण चार सेकंदात नेतात. स्वस्तातल्या कंट्रोलरवर इतकं हळू चालत नाही, झटके देतं, म्हणून पैसे वाचवायचेत तर झाडांवर वाचवा, कंट्रोलर पीडब्ल्यूएमवाला, म्हणजे विजेचे झटपट चालू-बंद ठोके देऊन वेग सांभाळणारा, चांगला घ्या. चालत्या गाडीतनं उतरून पुन्हा चढायचो हा किस्सा प्रत्येक बार्शीकर सांगतो, माझ्या मामाचा तर रोजचा, पण तो किस्सा खरा वाटायला गाडी तेवढी हळू दिसली पाहिजे ना.

माणसं १:८७ ची म्हणजे १९ मिलिमीटर. जर्मन कंपनीची न रंगवलेली मिळतात, हॅट घासून टोपी करायची, टिश्यू पेपर पातळ फेविकॉलमध्ये बुडवून धोतर. हमाल किमान आठ तरी करा, पाठीवर पोतं घेऊन नॅरोगेजच्या डब्यातनं ब्रॉडगेजच्या डब्यात जाणारे, ती रांग दिसली की बघणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही. आषाढीचा सीन करायचा मोह होईल, वारकरी मालडब्यांतनं नेले जायचे हे खरंय, मलाही झाला होता मोह. पण दोनशे माणसं रंगवायला लागतात. मी बावीसवर थांबलो, ती बावीस डब्याच्या दारात दाटीनं उभी केली आणि दार अर्धवट ओढलं, आत अजून शंभर आहेत असं वाटतं.

जुनी लाईन कुठून जायची हे बघायला गुगल मॅपवर एकट्यावर विसंबू नका, ब्रॉडगेज करताना काही ठिकाणी मार्गच बदललाय, उदाहरणार्थ आताची लाईन उस्मानाबादला, म्हणजे धाराशिवला जाते, नॅरोगेज तिथे जातच नव्हती. अमेरिकन लष्करानं १९५० च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साइटवर फुकट आहेत, त्यात ती बारीक रेघ दिसते. आणि पुण्यात असाल तर कर्वे रोडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम एकदा बघून या, ते वेगळ्याच धाटणीचं आहे, पण वायरिंग आणि सिग्नल कसे गुंफलेत ते बघण्यासारखं आहे.

बाकी मांडणी म्हणजे चार फुटांचे दोन फळके, प्रत्येक दीड फूट रुंद, १२ मिलिमीटर मरीन प्लाय, खालून पट्ट्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात वाकतो. दोन फळक्यांच्या सांध्यावर रुळात फट ठेवा, मे महिन्यात रूळ फुगतो आणि उन्हात आलेली खिडकी असेल तर उचलतो. एक लूप (दोन्ही टोकांना जोडलेला बाजूचा रूळ), दोन सायडिंग (एका टोकाला बंद रूळ), डाव्या टोकाला कपाटाच्या आडोशाला गाडी लपवायची जागा, बस, रूळ बदलायचे चार सांधे (पॉइंट) पुरतात. उजवीकडे शेड असेल तर तिचं एकच तोंड दाखवा.

झाकायला प्लॅस्टिक घालू नका, पावसाळ्यात आतनं घाम धरतो आणि रूळ गंजतात. जुनी सुती साडी घाला, आईची मिळाली तर उत्तम, आणि ती साडी रोज सकाळी झटकून घडी घालायची जबाबदारी कुणाची हे घरात आधीच ठरवून घ्या.