सोळाव्या नंबरने पहिल्याला धूळ चारली, म्हणून कोच वाईट?

प्रश्न: ताई, माझं आणि माझ्या आतेभावाचं भांडण काही मिटत नाहीये. दोघंही अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचे वेडे, मार्च आला की सकाळी सकाळी मॅच लावून बसतो आणि उरलेली लोकलमध्ये मोबाईलवर. तो म्हणतो २०१८ला व्हर्जिनियाचे कोच टोनी बेनेट यांनी जी माती खाल्ली, पहिल्या नंबरची टीम घेऊन सोळाव्या नंबरच्या यूएमबीसी या छोट्या कॉलेजकडून हरले, त्यानंतर त्यांना मोठा कोच म्हणायचंच नाही. मी म्हणतो अरे पुढच्याच वर्षी चॅम्पियन झाले की. आता तुम्हीच सांगा काय ते.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: मोठे कोच आहेतच, मला त्यात शंका नाही. पण भावाचं सगळंच उडवून लावू नकोस, त्याच्या बोलण्यात दम आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. ६८ टीम, चार विभाग, प्रत्येक विभागात ताकदीप्रमाणे १ ते १६ नंबर, पहिला सगळ्यात भारी, आणि हरलं की घरी. पुरुषांच्या स्पर्धेत तोपर्यंत पहिला नंबर सोळाव्याशी १३५ वेळा खेळला होता आणि १३५ वेळा जिंकला होता. (मुलींच्या स्पर्धेत सोळाव्या नंबरच्या हार्वर्डने स्टॅनफर्डला १९९८ मध्येच हरवलं होतं, ते कोणी लक्षातच ठेवत नाही याचा मला खरंच राग येतो.)

आता ती मॅच बघ. हाफटाइमला २१-२१. व्हर्जिनिया म्हणजे त्या सीझनला देशात सगळ्यात कमी पॉइंट देणारी टीम, आणि दुसऱ्या हाफमध्ये यूएमबीसीने एकट्या त्या वीस मिनिटांत ५३ पॉइंट घेतले. शेवटी ७४-५४. यूएमबीसीचे २४ पैकी १२ थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) पडले आणि व्हर्जिनियाचे २२ पैकी फक्त ४. त्यात व्हर्जिनियाचा डीआंद्रे हंटर मनगटाच्या दुखापतीमुळे बाहेर. तू म्हणशील नशीब. हो, बरंचसं नशीबच, कारण हीच यूएमबीसी त्याच सीझनला जानेवारीत अल्बनीकडून ४४ पॉइंटने हरली होती.

पण भावाचा मुद्दा इथे येतो. बेनेटची टीम खूप हळू खेळायची, बॉल फिरवत फिरवत शॉट क्लॉक (शॉट मारायला मिळणारा वेळ) संपत आणायचा आणि डिफेन्सला सगळे बास्केटच्या जवळ दाटीने उभे. असं खेळलं की मॅचमध्ये चान्सच कमी मिळतात दोघांनाही, मग कमजोर टीमचे चार थ्री पडले तरी अंतर मोठं वाटायला लागतं, आणि एकदा मागे पडलात की पटापट पॉइंट काढायची सवयच नसते. ही त्या पद्धतीची किंमत आहे आणि बेनेटना ती त्या रात्री मोजावी लागली.

आणि पुढच्या वर्षी काय झालं ते बघ, मला तर हेच जास्त आवडतं. डिफेन्स सोडला नाही, पण अटॅकमध्ये स्क्रीन लावून (म्हणजे डिफेंडरच्या वाटेत उभं राहून आपल्या खेळाडूला मोकळं करून) खेळणं वाढवलं, म्हणजे जिथे अडलो तिथे दुरुस्ती केली. २०१९ला पहिल्याच मॅचमध्ये पुन्हा सोळावा नंबर, गार्डनर-वेब, आणि पुन्हा १४ पॉइंटने मागे! त्या पोरांच्या मनात काय चाललं असेल विचार कर. सावरले आणि ७१-५६ जिंकले. पर्ड्यूविरुद्ध शेवटच्या सेकंदाला व्हर्जिनियाच्या किहेई क्लार्कने मागून लांबून पास दिला आणि त्यांच्याच डियाकीटेने बरोबरी केली, मग ओव्हरटाइम. सेमीफायनलला ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद उरले असताना व्हर्जिनियाच्या काइल गायला तीन फ्री थ्रो, तिन्ही आत, ६३-६२. फायनलला टेक्सस टेकवर ८५-७७, तीही ओव्हरटाइममध्ये.

पण त्या ऑबर्नच्या मॅचला फ्री थ्रोच्या थोडं आधी व्हर्जिनियाच्या खेळाडूचा डबल ड्रिबल (बॉल धरून पुन्हा टप्पे मारणं, हा फाउल प्ले) झाला होता, रेफरीला दिसला नाही. शिट्टी वाजली असती तर कदाचित आज तुझा भाऊ जिंकला असता. म्हणून मला वाटतं त्या एका हरण्यावरून बेनेटना खाली आणू नये आणि त्या एका ट्रॉफीवरून डोक्यावरही घेऊ नये. नंतर २०२१ला ओहायोने आणि २०२३ला फरमनने, दोन्ही तेराव्या नंबरच्या टीम, व्हर्जिनियाला पहिल्याच मॅचला घरी पाठवलं हेही खरंच आहे. मी कोच बघते तो वर्षानुवर्षं टीम कशी उभी करतो आणि हरल्यावर काय बदलतो यावरून.

प्रश्न: एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, असे धक्के का बसत नाहीत? – बारावीतला विद्यार्थी, माटुंगा

उत्तर: बसतात, पण क्वचित. तिथे प्लेऑफला सातपैकी चार मॅच जिंकाव्या लागतात, एखाद्या दिवशी शॉट पडले तरी आणखी तीनदा पाडायला लागतात. कॉलेजला ४० मिनिटं आणि खेळ खलास. शिवाय वयाचा फरक असतो. २०२४ला चौदाव्या नंबरच्या ओकलंडने केंटकीला ८०-७६ हरवलं, केंटकीकडे पहिल्या वर्षाची दोन पोरं होती जी त्याच वर्षी एनबीए ड्राफ्टला (तिथे टीम नवे खेळाडू निवडतात) तिसरी आणि आठवी गेली, आणि समोर जॅक गोल्की, खालच्या डिव्हिजनमधून आलेला, वयाने मोठा, त्याने १० थ्री मारले. तू स्वतः खेळत असशील तर त्याच्या पायांकडे बघ, बॉल हातात यायच्या आधीच तो शॉटसाठी तयार असतो.

प्रश्न: सेंट पीटर्सचे कोच शहीन होलोवे छोट्या कॉलेजला एवढं वर नेऊन लगेच दुसरीकडे गेले, ही गद्दारी नाही का? – वाचक, ठाणे

उत्तर: नाही हो. पंधरावा नंबर घेऊन शेवटच्या आठात पोचणारी ती पहिली टीम, २०२२ची गोष्ट, केंटकी आणि पर्ड्यू दोघांना हरवून. नंतर ते सीटन हॉलला गेले, जिथे ते स्वतः खेळले होते. मला वाईट वाटतं ते मागे राहिलेल्या खेळाडूंचं.

प्रश्न: माझी मुलगी कॉलेजच्या टीममध्ये आहे. इंटरकॉलेजिएटला पहिल्याच राउंडला हरल्या, तेही ज्यांना कोणी मोजत नव्हतं अशा टीमकडून. आता मॅनेजमेंट आणि काही पालक कोच बदला म्हणून मागे लागलेत. मला विचारलंय, काय सांगू? – एक आई, मुलुंड

उत्तर: घाई करू नका असं सांगा. जॉन वुडन १९४८ला यूसीएलए कॉलेजला कोच म्हणून आले आणि पहिली ट्रॉफी मिळाली १९६४ला. आणि १९७५पर्यंत एकूण दहा! आणि अगदी अलीकडचं उदाहरण पर्ड्यूच्या मॅट पेंटर यांचं. २०२२ला सेंट पीटर्सकडून हरले, २०२३ला पहिला नंबर असून सोळाव्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ हरले, ती तर देशातली सगळ्यात बुटकी टीम आणि पर्ड्यूकडे सव्वासात फुटांहून उंच झॅक ईडी. लोकांनी केवढी टीका केली. कॉलेजने कोच बदलला नाही आणि २०२४ला तीच टीम फायनलला पोचली, यूकॉनकडून हरली, पण १९६९नंतर पहिल्यांदा तिथवर गेली.

पण म्हणून प्रत्येक कोच टिकवावाच असंही मी म्हणणार नाही. तुम्ही दोन-तीन वेळा प्रॅक्टिसला जाऊन बसा, सगळं दिसतं. नागपाड्याच्या कोर्टवर संध्याकाळी जाऊन बघा, मोठी मुलं बारक्यांना रिबाउंडसाठी अंग कसं अडवायचं ते हाताला धरून दाखवतात, तसं तुमच्या मुलींना कोणी शिकवतंय का? मुली दमल्यावर फ्री थ्रो मारून घेतात का, की फक्त सुरुवातीला ताज्या असताना? मॅचमध्ये टाइमआउटला नुसतं ओरडतात की पुढचा बॉल कोणाकडे द्यायचा ते सांगतात? बेंचवरच्या मुलीला आत पाठवलं तर तिला तिचं काम माहीत असतं का? हे सगळं असेल तर एका हरलेल्या मॅचवरून त्या माणसाला काढणं मला अजिबात मान्य नाही, आणि नसेल तर मॅच जिंकल्या असत्या तरी बदलायला हवं होतं. मीटिंगच्या आधी टीममधल्या मुलींनाही विचारा, फक्त कोचसमोर नको.