काल्पनिक डायरीतून गुलामगिरीचा इतिहास शिकवावा का?

तुम्ही विचारलंय की नववीच्या मुलांना अमेरिकेतली गुलामगिरी शिकवताना 'मी एक गुलाम' अशी डायरी लिहायला द्यावी का, की त्याचा नुसता निबंध होतो. मी नागपूरला इतिहास शिकवते आणि वर्गात हे करून घेते, म्हणून सांगते, जरूर द्या, पण डायरीतल्या प्रत्येक नोंदीला कुठला तरी कागद पाहिजे. नुसतं "कल्पना करा अन् लिहा" म्हटलं की पोरं तेच लिहितात, मालक मारतो, मी रडतो, देवा सोडव. त्यात ना माणूस दिसतो ना काळ.

सुरुवातीला मुलांनाच विचारा की तुमच्या पात्राला लिहिता कसं येतं? कारण दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामांना लिहायला वाचायला शिकवणं गुन्हाच होता, साऊथ कॅरोलिनात १७४० पासून लिहायला शिकवल्यास दंड होता आणि १८३१ ला व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाचा उठाव झाल्यावर कायदे अजून कडक झाले. फ्रेडरिक डग्लस, जो पुढे गुलामीतून पळाला आणि ज्याने स्वतःची कहाणी लिहिली, त्याला लहानपणी बाल्टिमोरला मालकीण एबीसीडी शिकवायला लागली होती, नवऱ्याने ते बंद पाडलं, मग हा पोरगा घरातून पाव घेऊन निघायचा आणि रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना तो देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकायचा. हे ऐकलं की मुलं आपोआप विचार करतात, वही लपवली कुठे, शाई आणली कुठून, सापडली तर काय होईल. ज्या पात्राला लिहिता येत नाही त्याची डायरी नकोच, त्याने म्हातारपणी कोणाला तरी सांगितलेली हकीकत लिहू द्या. १९३६ ते १९३८ मध्ये अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या दोन हजारांहून जास्त वृद्धांच्या खरंच मुलाखती घेतल्या गेल्या, आणि विचारणारे बहुतेक गोरे होते, म्हणून उत्तरं जपून दिलेली दिसतात. हेही मुलांना सांगाच, पुरावा कसा वाचायचा ते तिथेच कळतं.

आपल्याकडे एक मोठी सोय आहे, कापूस. वर्गात पऱ्हाटीची दोन-चार फुटलेली बोंडं आणा, वाळलेल्या पाकळ्यांची टोकं बोटांना कशी टोचतात ते मुलांना बघू द्या, मग हाताने सरकी काढायला लावा. पाच मिनिटांत चिमूटभर रुई निघते. आता सांगा की १७९३ ला एली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आलं, वाटेल की माणसांचे कष्ट कमी झाले असतील, पण झालं उलटं, कापूस पिकवणं फायद्याचं झालं आणि गुलाम १७९० च्या सुमारे ७ लाखांवरून १८६० पर्यंत ४० लाखांच्या जवळ गेले. सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्कचा स्वतंत्र माणूस, त्याला १८४१ मध्ये पळवून विकलं, तो पुढे लुईझियानात कापूस वेचत होता, त्याने लिहिलंय की दिवसाला २०० पौंड, म्हणजे ९० किलो, वेचणं साधारण धरलं जायचं, संध्याकाळी वजन व्हायचं, कमी भरलं तर फटके आणि जास्त भरलं तर उद्यापासून तेवढंच मागायचे. काटोल, हिंगणघाटकडे ज्यांची शेती आहे त्या मुलांना घरून विचारून यायला सांगा की वेचणीला आलेली बाई दिवसाला किती किलो वेचते. तो आकडा वहीत ९० च्या शेजारी लिहिला की वर्ग गप्प होतो. मग एका मुलीने लिहिलं होतं, "आज जास्त वेचला गेला, आता उद्याची भीती." एवढ्या ओळीत नॉर्थपचं सगळं म्हणणं आलं.

एखाद्या गटाला गुलामाऐवजी हिंगणघाटच्या कापूस व्यापाऱ्याची वही लिहायला द्या, साल १८६२. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, इकडे वऱ्हाडच्या मालाला भाव चढला. दूरच्या देशातली गोष्ट मग आपल्या बाजारात येऊन बसते.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. लिलावाचं नाटक, मालक-गुलाम अशा भूमिका, हे अजिबात नको, आणि मालकाची डायरी तर मुळीच देऊ नका. आपल्या वर्गात अशी मुलं असतात ज्यांच्या पणजोबांना विहिरीवर चढू दिलं नव्हतं, आणि बाकीच्यांच्या नजरा कोणाकडे वळतील हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणून कोणालाही तुझ्या घरचं सांग म्हणून उभं करू नका. जातीचा विषय नागपुरात निघणारच आणि निघू द्या, महात्मा फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्यांनाच अर्पण केलं होतं, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. फक्त दोन्ही एकच असं फळ्यावर लिहू नका, तिकडे माणूस कायद्याने मालमत्ता होता, विकला जायचा, आईपासून मूल तोडून विकायचे, तो फरक मुलांना कळला पाहिजे.

मार्कांचं म्हणाल तर शुद्धलेखन आणि अलंकारिक भाषा यांना देऊ नका. प्रत्येक नोंदीशेजारी समासात ती कशावरून लिहिली ते लिहायला लावा, डग्लस, नॉर्थप, किंवा पळालेल्या गुलामांना पकडून द्या म्हणून छापलेली जाहिरात, आणि जे मनाने घातलं त्याच्या खाली पेन्सिलने रेघ. तपासताना मी आधी समास वाचते.