चार पत्रं आणि एक बेल

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी क्यूईएमयू या अख्ख्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या ‘एज्यू’ या आभासी पीसीआय (कॉम्प्युटरात कार्डं जोडायची व्यवस्था) उपकरणाचा लिनक्स ड्रायव्हर लिहितोय. आकडा दिला की ते फॅक्टोरियल काढतं आणि झालं की इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला ‘इकडे बघ’ सांगणारा इशारा, देतं. तेवढं नीट चालतं. पण मुद्दाम इंटरप्ट उठवायचं जे रजिस्टर (उपकरणातला आकड्याचा कप्पा) आहे, त्यात मी माझा रोल नंबर, ४३, लिहिला, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ‘आयआरक्यू ११ : नोबडी केअर्ड’ (११ नंबरच्या इंटरप्टला कुणी विचारलं नाही) म्हणून ओरडतो आणि ती इंटरप्ट लाइनच बंद करतो. इंटरप्ट आला की चालणाऱ्या माझ्या फंक्शनमध्ये, म्हणजे हँडलरमध्ये, मी इंटरप्ट-स्टेटस रजिस्टरचा सगळ्यात खालचा बिट तपासतो. तो असेल तर अ‍ॅकनॉलेज रजिस्टरमध्ये १ लिहून ‘हँडल्ड’ परत करतो, नसेल तर ‘नन’. मित्राचं ऐकून सरसकट ‘हँडल्ड’ केलं, तर मेसेज गेला पण व्हर्च्युअल मशीनच गोठलं. गाइड म्हणतात, खोट्या यंत्राचं एवढं काय मनावर घेतोस. — एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : गाइडचं सोड. यंत्र खोटं आहे हे कर्नलला कुठे माहीत असतं!

नारायण पेठेत आमच्या वाड्याला दिंडीशी एकच बेल होती आणि आत पाच बिऱ्हाडं. बेल वाजली की पाचही दारांतून माना बाहेर, मग ‘आमचं नाही’ म्हणत चार माना आत. पीसीआयची जुन्या पद्धतीची इंटरप्ट लाइन अशीच सामायिक असते. ‘नन’चा अर्थही तेवढाच, आमचं नाही. एकदा पोस्टमनकडे आमच्या नावाची चार पत्रं होती. मी वरचं एक ओढलं आणि पळाले. त्याने बेलवरचं बोट काढलंच नाही, आणि आजीने मला कानाला धरून परत पाठवलं.

तुझं ४३ बायनरीत उघडून बघ. ३२, ८, २ आणि १. स्टेटसमध्ये चार बिट लागले, म्हणजे चार पत्रं! तू १ लिहून एकच घेतलंस, ४२ तिथेच राहिले. स्टेटसमधले सगळे बिट पुसले जाईपर्यंत एज्यू लाइन खाली आणत नाही, म्हणजे बेलवरचं बोट काढत नाही. त्यामुळे हँडलर संपतो न संपतो तोच पुन्हा बोलावणं, आणि आता खालचा बिट नाही म्हणून तू ‘नन’ म्हणतोस. पुन्हा बोलावणं, पुन्हा ‘नन’. कर्नल दर १ लाख इंटरप्टनंतर हिशेब मांडतो, आणि त्यात ९९,९०० हून जास्त बेवारस निघाले तर लाइनला कुलूप घालतो. तुझे जवळजवळ सगळेच निघाले असणार, पहिलाच काय तो तू घेतलास. फॅक्टोरियल चाललं ते नशिबाने. त्या इंटरप्टची किंमतच १ आहे.

मित्राने तुला फक्त तक्रार करणाऱ्याचं तोंड दाबायला शिकवलं. ‘हँडल्ड’ ऐकल्यावर कर्नल निर्धास्त होतो आणि प्रोसेसर जन्मभर दार उघडायला धावत राहतो.

हेक्स २४ वरचं स्टेटस एकदा वाच. शून्य असेल तर ‘नन’. नसेल तर जे वाचलंस तेच, जसंच्या तसं, हेक्स ६४ वरच्या पोच देण्याच्या (अ‍ॅकनॉलेज) रजिस्टरमध्ये लिही आणि ‘हँडल्ड’ म्हण. पुढे एमएसआयकडे, म्हणजे सामायिक लाइन सोडून संदेशाने इंटरप्ट देण्याच्या पद्धतीकडे, वळलास तरी ही पोच चुकत नाही. आणि तिथे उपकरणाला स्वतःहून मेमरीत लिहायची मुभा देणारं पीसीआय_सेट_मास्टर हे फंक्शन विसरू नकोस. एमएसआय म्हणजे उपकरणाने मेमरीत केलेलं लेखन, त्याला ती मुभाच नसेल तर बेल मुळी वाजणारच नाही.

नव्वदच्या दशकात भोसरीच्या एका कारखान्यात असल्याच एका कार्डाने मला तीन रात्री जागवलं होतं. केबल बदलली, स्लॉट बदलला, अर्थिंगवाल्याला नाही नाही ते बोलले. चूक माझ्या हँडलरची, पोच द्यायची राहिलेली. (अर्थिंगवाल्याला नंतर मिसळ खाऊ घातली.) तुझ्याकडे संशय घ्यायला केबलच नाही, आणि कार्डाच्या पोटात काय आहे ते चक्क वाचता येतं. क्यूईएमयूच्या सोर्समध्ये ‘एचडब्ल्यू’खालच्या ‘मिस्क’ फोल्डरात एज्यू.सी ही फाइल आहे. चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठात लिनक्स कर्नल शिकवायला म्हणून हे उपकरण रचलं गेलं. त्यातलं एज्यू_लोअर_आयआरक्यू हे फंक्शन बोटावर मोजण्याइतक्या ओळींचं आहे. गाइडनाही दाखव.

प्रश्न : इंटरप्ट हँडलरमध्ये म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेतो, तर अधूनमधून ‘शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ येतं. स्पिनलॉक टाकू का? — एक वाचक, वाकड

उत्तर : हँडलरला झोपायची परवानगी नाही आणि म्यूटेक्स झोपवतो, एवढंच. काम चार ओळींचं असेल तर टाका स्पिनलॉक (तो न झोपता जागीच वाट बघतो), पण हँडलरबाहेर तोच लॉक घेताना आयआरक्यूसेव्ह, म्हणजे तेवढ्या वेळात इंटरप्ट थोपवून धरणारा, प्रकार वापरा, नाहीतर स्वतःच्याच कुलपात अडकाल. काम लांबलचक असेल तर रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू घ्या, म्हणजे काम हँडलर आणि झोपू शकणारा थ्रेड असं विभागतं. त्यातल्या हँडलरने उपकरणाला पोच देऊन ‘वेक_थ्रेड’ म्हणायचं, आणि थ्रेडमध्ये म्यूटेक्स खुशाल घ्यायचा.