वायरलेस सेन्सर नेटवर्कवर पीएचडी म्हणजे नुसतं सिम्युलेशनच असतं का?

तुम्ही विचारलंय की वायरलेस सेन्सर आणि मोबाइल ॲड हॉक नेटवर्कवर संशोधन करणारे प्रत्यक्षात काय करतात, की एनएस-२ नावाच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लुटुपुटूच्या नेटवर्कात, ठिपके हलवून आलेखच छापतात? मी ऐरोलीत राहतो, नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि पीएचडी याच विषयात केलीय. पहिली तीन वर्षं मीही ठिपकेच हलवले, त्यामुळे टोमणा मान्य.

ठिपक्यांशी माझं भांडण नाही. एकेक ठिपका म्हणजे एक नोड, नेटवर्कातलं एक छोटं रेडिओ-यंत्र; तशी खरी पाचशे विकत घ्यायला पैसे कुणाकडे असतात? भानगड आहे ती ठिपके चालतात कसे यात. बहुतेक पेपरांत 'रँडम वेपॉइंट' मॉडेल असतं. मनाला येईल ती जागा निवडायची, सरळ रेषेत तिथे जायचं, जरा थांबायचं, मग पुन्हा नवी जागा. संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावर उभे राहा आणि असा चालणारा एक तरी माणूस दिसला तर मला कळवा. शिवाय या मॉडेलात किमान वेग शून्य ठेवला तर सरासरी वेग वेळेबरोबर घसरत जातो, हे २००३ मध्येच दाखवून झालंय. तरीही तसेच पेपर येतात.

ॲड हॉकचं थोडक्यात सांगतो. टॉवर नाही, प्रत्येक यंत्र दुसऱ्याचा निरोप पुढे ढकलतं. निरोपाची वाट शोधायच्या दोन पद्धती (प्रोटोकॉल) प्रसिद्ध आहेत. एओडीव्ही गरज पडली की शेजाऱ्याला विचारतो, 'अमका कुठे राहतो?', आणि शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. ओएलएसआर मात्र पाहुणा येवो न येवो, गावाचा नकाशा कायम ताजा ठेवतो. दोन्हींचे आरएफसी, म्हणजे तपशील मांडणारे इंटरनेट-दस्तऐवज, २००३ चे. निम्म्या पीएचड्या यांच्यातच काहीतरी सुधारण्यावर होतात.

सेन्सर नेटवर्क, म्हणजे तापमानासारख्या गोष्टी मोजून रेडिओने कळवणाऱ्या नोडांचं जाळं, त्याचं दुखणं वेगळं, तिथे सगळं बॅटरीवर येऊन ठेपतं. आमच्याकडे टेलॉस-बी नावाचे जुने नोड होते, दोन पेन्सिल सेलवर चालणारे. त्यांचा रेडिओ पूर्ण ताकदीने बोलताना सुमारे १७ मिलीॲम्पिअर खातो आणि नुसता ऐकत बसला तर सुमारे १९. म्हणजे गप्प बसून कान देणं बोलण्यापेक्षा महाग! सेल २,५०० मिलीॲम्पिअर-तासांचे धरले तर सतत ऐकणारा नोड पाचेक दिवसांत आटोपतो. शंभरातला एकच भाग वेळ जागा ठेवला तर कागदावर वर्ष सहज निघतं. म्हणून रेडिओ झोपवायचा. पण मग दोघांना एकाच वेळी उठवायचं कसं? घड्याळाचा क्रिस्टल दहा लाखांत वीस भाग जरी चुकला तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. एक पुढे, दुसरा मागे, की झाली चुकामूक. माझी दोन वर्षं यातच गेली.

मग आम्ही पाण्याचं तापमान मोजायला खाडीकाठी जेट्टीच्या कठड्यांवर सहा नोड लावले. महिन्याभरात डबे उघडले तर सेलच्या स्प्रिंगांवर हिरवी बुरशी धरल्यासारखा थर आणि एका डब्यात मुंग्यांचं बिऱ्हाड. ते अपेक्षित होतं. चक्रावलो ते दुसऱ्याच गोष्टीने. दिवसातून दोनदा, तास-दीड तास, दोन नोडांमधला एक दुवा मरायचा आणि मरायची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकायची. मी घड्याळावर संशय घेतला, कोड तीनदा उलटापालटा केला. जेट्टीवर जाळं विणत बसलेल्या एका कोळी मामांनी विचारलं, "काय बिघडला?" मी वेळा सांगितल्या. ते म्हणाले, "भरतीला बंद परतं तुजा. तिथीची पाऊणपट कर ना." म्हणजे तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. रात्री कॅलेंडर घेऊन बसलो तर नोंदी बऱ्यापैकी जुळत होत्या.

कारण साधं होतं. पाणी चढून अँटेनाच्या जवळ येतं तसा पाण्यावरून परतलेला रेडिओ तरंग थेट आलेल्या तरंगाला खोडायला लागतो. सिम्युलेटरमध्ये आमची जमीन कधी वर आलीच नव्हती! अँटेना उंच करायची परवानगी मिळेना, म्हणून भरतीच्या वेळेत पाठवायचंच नाही, साठवून ठेवायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं, असं केलं. तापमानाला कसली घाई? वाया जाणारे रीट्राय, म्हणजे तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवणं, थांबले, सेलही जास्त टिकायला लागले.

तेव्हा गाइड निवडताना एवढंच विचारा, शेवटचा नोड तुम्ही कुठे लावला होता? 'लॅबमध्ये' हे उत्तरही चालेल, अगदीच काही नसण्यापेक्षा बरं.

आमच्या कोडमध्ये भरतीची वेळ ठेवणाऱ्या व्हेरिएबलचं नाव 'पाऊणपट' होतं. प्रबंधात मात्र सरांनी ते बदलायला लावलं.