बालगृहातल्या भाच्यासाठी मावशी काय करू शकते?

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न: बहीण वारली, मेहुण्यांचा पत्ता नाही. नऊ वर्षांच्या भाच्याला बाल कल्याण समितीने (निराधार मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) वर्षापूर्वी एका बालगृहात ठेवलं. परवा भेटायला गेले तर अंगभर खरूज आणि पाठीवर वळ. "मस्ती केली म्हणून सरांनी मारलं," म्हणाला. अधीक्षक म्हणतात, मावशीला विचारायचा अधिकार नाही. चतुर्थीला घरी आणून त्याला परत पाठवूच नये, असं वाटतं. चालेल का?

ताई, तेवढं करू नका. मुलगा समितीच्या आदेशाने तिथे आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 98 खाली समिती रजा देते, पण ती परीक्षा, नातेवाइकाचं लग्न, मृत्यू अशा कारणांसाठी आणि साधारण सात दिवसांपर्यंतच. परवानगीशिवाय ठेवून घेतलंत तर उद्या त्याचा ताबा मागताना हेच तुमच्या विरुद्ध मांडलं जाईल.

अधीक्षकांचं म्हणणं मात्र साफ चूक आहे. मुलाला मारहाण होते हे समितीला कोणीही कळवू शकतं, तुम्ही तर त्याची सख्खी मावशी. याच कायद्याच्या कलम 82 नुसार शिस्तीच्या नावाखाली मारणं हाही गुन्हा आहे. पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड, पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. आणि संस्थेतल्या माणसाने क्रूरपणे वागवलं असेल तर कलम 75 खाली पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंड. वळ उठेपर्यंत मारणं ही "मस्ती केली म्हणून" सोडून द्यायची गोष्ट नाही, हे माझं ठाम मत.

खरुजेकडेही दुर्लक्ष नको. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत प्रत्येक मुलाची दरमहा वैद्यकीय तपासणी आणि तिची नोंद आहे; झोपायच्या खोलीत मुलामागे 40 चौरस फूट जागाही. खरूज अंगभर पसरेपर्यंत कोणाच्या लक्षात आली नसेल, तर तपासणी झाली की नुसती वहीत भरली, हे विचारायलाच हवं.

आजच समितीला लेखी अर्ज द्या. भेटीची तारीख, काय दिसलं, मुलगा काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत. सरकारी रुग्णालयात ताबडतोब तपासणी मागा. वळ फार दिवस राहत नाहीत. अर्जाची पोच घ्या. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावरही कळवा. समितीने अशा संस्थांना महिन्याला किमान दोन भेटी द्यायच्या असतात, त्यामुळे शेवटच्या भेटीचा अहवाल मागायला संकोच करू नका. समितीच दाद देत नसेल तर तक्रार ओरोसला, म्हणजे तुमच्या जिल्ह्याच्या मुख्यालयी, जिल्हाधिकाऱ्यांकडे. फोटो काढले असतील तर ते तपासासाठी जपा, व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. कलम 74 मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं.

दुसरा अर्ज वेगळा करा: भाच्याला माझ्याकडे द्या. कायद्याच्या दृष्टीने संस्था हा शेवटचा पर्याय, आधी कुटुंब. समिती तुम्हाला "योग्य व्यक्ती" ठरवू शकते. त्याआधी समाजसेवक घरी येतील. घर लहान, कमाई आंब्याच्या हंगामापुरती, हे लपवू नका. बालसंगोपन योजनेतून मदत मिळते का, तेही त्याच वेळी विचारा.

वकिलाच्या फीची काळजी नको. महिला आणि मुलांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

भाच्याला भेटाल तेव्हा "चतुर्थीपर्यंत नेते" असं वचन देऊ नका. "मी अर्ज दिलाय, परत येणार आहे," एवढंच सांगा, आणि ठरल्या दिवशी जा.