‘सब्सिडिअरिटी’ला मराठीत काय म्हणावं?

स्थानिक स्वराज्य संस्थांवरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘प्रिन्सिपल ऑफ सब्सिडिअरिटी’साठी ‘दुय्यमता तत्त्व’ चालेल का आणि विकेंद्रीकरणापेक्षा ते वेगळं कसं, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

‘दुय्यमता’ नकोच. वाचणाऱ्याला वाटेल, ग्रामपंचायत दुय्यम. तत्त्व तर नेमकं उलट आहे: जे गावाला झेपतं ते गावानेच करायचं, तालुका, जिल्हा, राज्य यांनी त्यात पडायचं ते गावाला झेपणार नसेल तेव्हा, आणि तेवढ्यापुरतं. दुय्यम कुणाला म्हणायचंच असेल तर वरच्याला म्हणा.

मूळ लॅटिन ‘सुब्सिदियुम’ लष्करातला. रोमन सैन्यात मागच्या फळीत थांबवून ठेवलेली राखीव कुमक ती. पुढचे मागे हटू लागले तरच तिने उठायचं. पोप अकरावे पायस यांनी १९३१च्या आपल्या परिपत्रात हा विचार ठाशीवपणे मांडला: लहान संस्थेला जमतं ते मोठीने काढून घेणं हा अन्याय. तेव्हा इटलीत मुसोलिनीचं राज्य होतं, हे ध्यानात ठेवून वाचलं तर त्यातली धार कळते. १९९२च्या मास्त्रिख्त करारात युरोपीय संघाने तो कायद्याच्या भाषेत आणला. एखादं उद्दिष्ट सदस्य देशांना पुरेसं साधता येत नसेल आणि त्याच्या आवाक्यामुळे किंवा परिणामांमुळे संघाच्या पातळीवर ते अधिक चांगलं साधणार असेल, तरच संघाने हात घालायचा. जे विषय केवळ संघाकडेच आहेत त्यांना मात्र हा नियम लागू नाही.

याच लॅटिन मुळाच्या एका इंग्रजी शब्दाचा मराठी प्रतिशब्द आपल्याला शाळेपासून पाठ आहे: तैनाती फौज. वेलस्लीच्या ‘सब्सिडिअरी अलायन्स’साठी मराठीने तो वापरला. ३१ डिसेंबर १८०२ला वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने ती पत्करली आणि तिच्या खर्चापोटी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. कुमक इथेही आहे, पण ही आली ती ठाण मांडून बसली. दोन्हींत मदत वरचा करतो. एकीत खालच्याची सत्ता शाबूत राहते, दुसरीत जाते.

म्हणूनच ‘मदत’ या अर्थावरून घडवलेल्या प्रतिशब्दांबद्दल मला शंका आहे. ‘सहायकता तत्त्व’ घ्या. अर्थ बरोबर, पण आपल्या कानाला सवय ‘सहायक गटविकास अधिकारी’, ‘सहायक आयुक्त’ यांची. सहायक म्हणजे साहेबाच्या हाताखालचा, हे इतकं मुरलंय की वाचक ग्रामपंचायतीलाच राज्याची सहायक करून टाकेल. ‘पूरकता’ गोड आहे, पण कोण कोणाला पूरक हे ती सांगत नाही. ‘निकटता’ बरीच जवळ जाते. मात्र ती नागरिकाच्या जवळ असण्यापाशी थांबते, काम झेपण्याची अट त्यात येत नाही.

मी ‘तळप्राधान्य’ वापरेन. घडवलेला आहे, थोडा खडबडीतही आहे. पण पहिला मान कुणाचा ते लगेच कळतं, आणि प्राधान्य म्हणजे मक्तेदारी नव्हे हेही. गावातली गटारं, विहिरी, दिवाबत्ती गावाने बघावी. जायकवाडीसाठी नाशिक-नगरच्या धरणांतून किती पाणी सोडायचं, हे मात्र कुठल्या एका ग्रामसभेने ठरवून चालणार नाही; ते वरच जायला हवं.

आता विकेंद्रीकरण. या शब्दातच केंद्र आधी आहे: सत्ता वर होती, ती खाली वाटली. आपली राज्यघटनाही याच भाषेत बोलते. ७३व्या दुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले खरे, पण कलम २४३ जी नुसार त्यांबाबतचे अधिकार पंचायतींना राज्य विधानमंडळ कायद्याने देऊ ‘शकेल’. ‘शकेल’वर सगळं अडलंय. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात ‘हस्तांतरित योजना’ आणि ‘अभिकरण योजना’ असे शब्द दिसतात. हस्तांतरित म्हणजे शासनाने सोपवलेल्या, अभिकरण म्हणजे शासनाच्याच, परिषदेने नुसत्या राबवायच्या. स्वतःच्या मनाने खर्च करायचा तो सेसचा, म्हणजे उपकराचा पैसा. यातलं पहिलं विकेंद्रीकरण म्हणता येईल, दुसरं तर तेही नाही.

तळप्राधान्य उलट टोकापासून सुरू होतं: सत्ता खालीच आहे, वर काय पाठवायचं ते बोला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा आहे, ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. दिल्ली-मुंबईचं सरकार तीत नाकारलेलं नाही, हे बघा. २००९मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. वनहक्क कायद्याने दिलेला, अडवणूक परवान्याच्या कागदाची.

तुमच्या भाषांतरात पहिल्यांदा ‘तळप्राधान्याचे तत्त्व, म्हणजे खालच्या पातळीला झेपेल ते वरच्या पातळीने न करणे’ असं पूर्ण लिहा, पुढे नुसता शब्द चालेल. लेख युरोपीय संघाबद्दल असेल तर ‘सब्सिडिअरिटी’ देवनागरीत तसाच ठेवला तरी हरकत नाही. तिथे तळ म्हणजे गाव नसून बहुतेकदा अख्खा देश असतो.